युद्धांतील कैदी

लढाईंत ज्या शिपायानें शस्त्र खालीं ठेविलें त्याचें काय करावें, हा प्रश्न फार जुना आहे. पुरातन काळीं त्याचें उत्तर जेत्याच्या मर्जीवर असे. कोणी कैद्यास ठार मारी, कोणी गुलाम करून विकी, कोणी पैसा घेऊन सोडी. आतां राष्ट्रांनीं ह्याविषयीं करार केले आहेत. त्यांचें मुख्य तत्त्व काय, तें ह्या पाठांत पाहूं.

१. कायदा कसा झाला. कैद्यांस माणुसकीनें वागवावें, असें १८९९ व १९०७ ह्या सालीं हेग येथें ठरलें. पुढें २७ जुलै १९२९ रोजीं जिनीव्हा येथें युद्धकैद्यांविषयीं निराळा करार झाला. १२ ऑगस्ट १९४९ रोजीं त्याच्या जागीं अधिक विस्तृत करार करण्यांत आला.

२. नियम कोणते. कैदी हा पकडणाऱ्या शिपायाचा नव्हे, तर त्याच्या सरकारच्या ताब्यांतला होय. त्यानें आपलें नांव, हुद्दा, जन्मतारीख व सैन्यांतील क्रमांक एवढेंच सांगणें भाग आहे. अधिक काढून घेण्यासाठीं त्याचा छळ करितां येत नाहीं. त्यास पुरेसें अन्न व औषध द्यावें, स्वधर्माप्रमाणें उपासना करूं द्यावी. छावणींत आल्यापासून एका आठवड्याच्या आंत त्यास घरीं कार्ड लिहूं द्यावें, म्हणजे मुलगा जिवंत आहे हें आईस कळेल. लढाई थांबल्यावर विलंब न लावितां त्यास स्वदेशीं पाठवावें.

३. शत्रूनें करार केला नसेल तर? सोव्हिएट रशियानें १९२९ च्या करारावर सही केली नव्हती. ह्या सबबीवर जर्मन सेनाधिकाऱ्यांनीं १९४१ सालीं त्या देशाच्या कैद्यांविषयीं अति क्रूर हुकूम काढिले. तेव्हां जर्मन सैन्याच्याच हेर खात्याचा मुख्य अॅडमिरल कॅनारिस ह्यानें १५ सप्टेंबर १९४१ रोजीं लेखी हरकत घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, करार नसला तरी राष्ट्रांचा सामान्य कायदा आहेच. कैद हा सूड नव्हे व शिक्षाही नव्हे. कैद्यानें पुन्हा लढूं नये, एवढाच तिचा हेतु. फील्डमार्शल कायटेल ह्यानें ती हरकत जुन्या शौर्यधर्माची कल्पना म्हणून झिडकारली. परिणाम काय झाला? इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ५७ लक्ष कैद्यांपैकीं सुमारें ३३ लक्ष भूक, थंडी, रोग व गोळ्या ह्यांनीं मेले. १९४६ सालीं न्यूरेंबर्ग येथील न्यायसभेनें कॅनारिसचेंच म्हणणें कायद्यास धरून असल्याचें ठरविलें. कायटेल ह्यास फांशी झाली.

४. बोध. कैद्यांवर सूड उगविण्यास १९२९ च्या करारांतच मनाई होती, व आजही आहे. समोरचा नियम मोडतो, म्हणून आपणही मोडावा, असें आपण गांवच्या भांडणांतही म्हणतों. परंतु ज्याचे हात रिकामे झाले, त्यावर हात उगारणें हें युद्ध नव्हे, ती हत्या होय.

अभ्यासासाठीं प्रश्न : (१) कैदी कोणाच्या ताब्यांत असतो? (२) त्यानें कोणत्या चार गोष्टी सांगाव्या? (३) कैदेचा हेतु कोणता?