घाटउतार, बंद इंजिन आणि जड झालेले स्टेअरिंग

मोटारीचे स्टेअरिंग हातात हलके फिरते ते कोणाच्या बळावर, हे ठाऊक नसणे सपाट रस्त्यावर फारसे नडत नाही. पण कन्नडकडून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, किंवा इंदूरहून शिरपूर-धुळ्याकडे येताना बिजासनच्या घाटात, तेच अज्ञान जिवावर बेतू शकते.

स्टेअरिंगचे चाक ज्या दांड्यावर बसते त्याला कॉलम म्हणतात. त्याच्या खालच्या टोकाचे पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, रॅक नावाची आडवी दातेरी पट्टी सरकवते आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे टायरॉड पुढची चाके वळवतात. पॉवर नसलेल्या जुन्या गाडीत रस्त्यावरचे चाक एक अंश वळवायला स्टेअरिंग साधारण वीस अंश फिरवावे लागे, आणि या जास्तीच्या फिरवण्यामुळेच हाताला जोर कमी लागे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६ मध्ये पॉवर स्टेअरिंग चालवून दाखवले आणि १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल मोटारीतून ते ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने, किंवा अलीकडच्या गाड्यांत विजेची मोटर, रॅक ढकलायला मदत करते; ही मदत गृहीत धरल्यामुळे प्रमाण पंधरा अंशांच्या आसपास आणता आले. म्हणूनच मदत थांबली की पॉवरची गाडी जुन्या बिनपॉवरच्या गाडीपेक्षाही जड लागते, आणि डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतार उतरण्याची जुन्या चालकांची सवय आज अधिक घातक ठरली आहे.

प्रस्तुत लेखक औट्रम घाटात ज्या भाड्याच्या गाडीत बसला होता तिच्या चालकाने उतार लागताच चावी फिरवून इंजिन बंद केले. पुढच्या वळणावर दोन्ही हातांनी जोर लावूनही स्टेअरिंग वेळेत फिरेना आणि गाडी कठड्याला जवळजवळ चाटून थांबली. चावी काढली गेली असती तर परिणाम याहून वाईट झाला असता, कारण चावी निघाल्यावर स्टेअरिंग थोडे फिरताच चोरीपासून संरक्षण देणारा खटका कॉलमच्या खाचेत बसतो आणि मग ते फिरतच नाही.

म्हणून उतारावर इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच असावी, आणि गिअर साधारणपणे तोच असावा ज्यात तो चढ चढता येतो. इंजिन आपोआप बंद पडलेच, तर चावी ऑनवरच राहू द्यावी, स्टेअरिंग जोर लावून का होईना पण फिरते हे ध्यानात ठेवावे, आणि ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, कारण ब्रेकला जोर देणारी साठलेली निर्वात शक्ती दोन-तीन दाबांतच संपते.

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतून पावसाळ्यात ये-जा करणाऱ्या गाडीची घाटात नेण्याआधी एक तपासणीही करावी. रॅकच्या टोकांवरचे रबरी बूट फाटले, तर काळ्या मातीचा चिखल आत शिरून दाते झिजवतो आणि स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. पुढचे चाक जॅकवर उचलून, घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. तेथे खटखट लागली, तर टायरॉडचा सांधा किंवा रॅक झिजल्याचा संशय घ्यावा. केवळ अलाइनमेंट करून हा प्ले जात नाही; झिजलेला भाग बदलून मगच अलाइनमेंट करावे लागते.