उन्हाळी नांगरटीपूर्वी ट्रॅक्टरचा रेडिएटर धुवा

उन्हाळी नांगरटीत इंजिनावर ताण जास्त येतो आणि हवाही तापलेली असते. अशा वेळी रेडिएटर चोंदलेला असल्यास इंजिन तापते, हेड गॅस्केट जळते व ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. याचे मूळ बहुधा पाण्यात असते. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तापले की त्यातील क्षारांचा थर आत बसतो. हा थर इंजिनाची उष्णता पाण्यात जाऊ देत नाही.

धुण्याची पद्धत :

१) इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण काढावे, अन्यथा उकळते पाणी अंगावर उडते.

२) रेडिएटर व इंजिन ब्लॉक या दोन्हींचे पाणी काढावे. जुने कूलंट असल्यास ते भांड्यात धरावे. ते गोडसर पण विषारी असते; जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

३) रेडिएटर धुण्याचे द्रावण सूचनेप्रमाणे भरून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे. थंड झाल्यावर काढावे. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये धुण्याचा सोडा वापरू नये; तो धातू खातो.

४) स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन, कूलंट व डिस्टिल्ड वॉटर पुस्तिकेतील प्रमाणात भरावे. इंजिन थोडे चालवून व थंड करून पातळी पुन्हा पाहावी.

दररोज पाण्याची पातळी व पंख्याच्या पट्ट्याचा ताण तपासावा. जाळीतील भुसा काढावा. इंजिन तापलेच, तर त्यात एकदम थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.