बंद घर आणि इन्व्हर्टरची बॅटरी

कोकणातील अनेक घरे वर्षाचा मोठा काळ कुलूपबंद असतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी एवढ्यापुरती ती उघडतात, आणि त्या मोजक्या दिवसांत वीज गेली तरी पंखे व दिवे चालू राहावेत म्हणून त्यांत इन्व्हर्टर आणि त्याला जोडलेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी बसवलेली असते. क्वचितच वापरली जाणारी ही बॅटरी रोज राबणाऱ्या बॅटरीच्या आधीच निकामी होते, तेव्हा दोष बहुधा विक्रेत्याला दिला जातो. वस्तुतः तिची हानी घर बंद असतानाच झालेली असते.

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केलेले या बॅटरीचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. तिच्या धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटच्या रूपाने बसते व द्रावण पातळ होत जाते, तर चार्जिंगच्या वेळी हीच क्रिया उलट घडते. नुकतेच तयार झालेले लेड सल्फेट बारीक स्फटिकांचे असल्याने सहज मोकळे होते. परंतु बॅटरी रिकामीच राहिली, तर हे बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात आणि पट्टीवर वीज न वाहू देणारा असा कठीण थर धरतो, की नेहमीच्या चार्जिंगने तो सुटत नाही. या विकाराला सल्फेशन म्हणतात. बॅटरी किती खोल उतरली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती त्या अवस्थेत किती काळ राहिली याला महत्त्व आहे, आणि घरमालकांच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही.

बंद घरांतील बॅटऱ्यांचा सर्वाधिक घात एका सावधगिरीच्या सवयीने होतो. गाव सोडताना विजेच्या कडकडाटाच्या भीतीने मेन स्विच बंद केला जातो, पण इन्व्हर्टरचे बटण चालूच राहते; वीज गेली आहे असे समजून इन्व्हर्टर बॅटरीवर काम करू लागतो आणि एकही दिवा लागलेला नसला तरी स्वतःसाठी सुमारे एक अँपिअर प्रवाह ओढत राहतो. १५० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी या हिशोबाने आठवडाभरात उतरते व पुढचे कित्येक महिने तशीच पडून राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. अशा वेळी माणसे घरात असूनही बॅटरी रिकामीच राहते. म्हणून पुरवठा लवकर परतण्याची चिन्हे नसतील, तर दिवे मंदावण्याची वाट न पाहता वापर आवरता घ्यावा. इन्व्हर्टर साधारणतः १०.५ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होतो खरा, पण तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते, त्यामुळे त्या व्यवस्थेला संरक्षण मानणे चुकीचे आहे. काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.५ ते १२.७ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भरलेली समजावी, तो १२.१ च्या आसपास आला, की निम्मी क्षमता संपलेली असते आणि थांबण्याची योग्य वेळ तीच होय.

घर बंद करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टरचे बटण बंद करावे आणि ऋण टर्मिनलची वायर सोडवून ठेवावी. एवढ्यानेही काम संपत नाही, कारण जोडणी तोडल्यावरही बॅटरी आतल्या आत हळूहळू उतरते आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. वाडीतील एखाद्या भाऊबंदाने दर दोन महिन्यांनी येऊन दिवसभर चार्जिंग करून दिले, तर त्याच्यासारखा उपाय नाही. पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट लाल खुणेपर्यंत उतरला असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर भरावे. पट्ट्या उघड्या पडल्या नसतील तर ते चार्जिंगनंतरच भरावे, नाहीतर फुगलेले द्रावण झाकणांतून बाहेर येते. वरून आम्ल ओतल्याने हायड्रोमीटरवरील आकडा तेवढा सुधारतो, सल्फेशन मात्र तसेच राहते. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपर्यंत साठला तरी स्फोटक ठरतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पूर्ण उतरलेली बॅटरी बरेचदा इन्व्हर्टर ओळखतच नाही आणि चार्जिंग सुरूच होत नाही. अशा वेळी ती लगेच मोडीत न काढता बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात कमी प्रवाहावर दीर्घकाळ चार्ज करून पाहावी. थर जुना नसेल तर बरीचशी क्षमता परत मिळते. त्यानंतर सहाही कप्प्यांतील द्रावणाची घनता हायड्रोमीटरने मोजावी, आणि एखादाच कप्पा इतरांहून स्पष्टपणे मागे राहत असेल तर त्या बॅटरीवर अधिक खर्च करू नये.