नांगर कशासाठी?

माझी आत्या मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि आता भाईंदरला केबिन रोडवर आमच्याकडेच असते. मुरबाडची वडिलोपार्जित भातशेती माझा चुलतभाऊ बघतो. यंदा मे महिन्यात त्याने फोन करून ट्रॅक्टरच्या नांगरणी-चिखलणीचा खर्च कळवला आणि जाता जाता विचारलं, "काही शेतकरी हल्ली नांगरतच नाहीत म्हणे. आपण सोडून बघायचं का?" मला काहीच सांगता येईना. मग मी आत्यालाच गाठलं. आमचं बोलणं इतरांच्याही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहून काढलं.

मी : आत्या, अगदी मुळातून सांग. जमीन नांगरायचीच कशाला?

आत्या : कडक झालेली माती मोकळी व्हावी, शेणखत आणि मागच्या पिकाची धसकटं गाडली जावीत, पाऊस आत मुरावा आणि तण मरावं, म्हणून. शेतकऱ्याला विचारलंस तर तो माती मोकळी होण्याचं आधी सांगेल. पण यातलं सगळ्यात मोठं काम तण मारण्याचं आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड नावाचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथे १९३० च्या दशकात कीन आणि रसेल या शास्त्रज्ञांनी उथळ आणि खोल मशागतीची शेतं शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षं उत्पन्न मोजलं. तण ताब्यात असेल तर जास्त मशागतीने उत्पन्न फारसं वाढत नाही, असं त्यांना दिसलं. नांगर ही हजारो वर्षांची सवय. तिला हातात आकडे घेऊन प्रश्न विचारणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मी : मग आपल्याकडे 'खोल नांगरट करा' हा मंत्र आला कुठून?

आत्या : त्यामागे आपल्याच माणसांचं संशोधन आहे, पण आता ते अर्धवट लक्षात राहिलंय. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. सुरुवात ताम्हाणे यांनी केली आणि पुढे ते काम ना. वि. कानिटकरांनी नेलं. कानिटकर हे नाव आज शेतकी कॉलेजाबाहेर कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हॅरोल्ड मान पुण्याच्या शेतकी कॉलेजात होते, त्यांच्या हाताखाली कानिटकर तयार झाले. जातेगाव बुद्रुक या गावाची जमीन, कर्ज, पीक आणि माणसांचा खाण्यापिण्याचा हिशेब या दोघांनी मिळून मांडला. ते पुस्तक १९२१ चं आहे. म्हणजे कोरडवाहू प्रयोगांकडे वळण्याआधी या माणसाने शेतकऱ्याचं घर आतून पाहिलं होतं.

मी : आणि मातीचं काय केलं त्यांनी?

आत्या : १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं, विजापूरलाही तसंच. सोलापूरचा पाऊस कसा असतो ठाऊक आहे ना? वर्षाचं बरंचसं पाणी चार-दोन सरींतच कोसळून जातं. जमीन काळी, भारी. वरची माती भिजून फुगली की पाणी आत शिरत नाही, मातीसकट ओढ्याला जातं. ज्वारी तर रब्बीची. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ नाहीच. तेव्हा भाद्रपद-आश्विनात मातीत साठलेल्या ओलीवर सगळं पीक उभं राहायचं. मग प्रश्न असा की पडलेलं पाणी शेतातच थांबवायचं कसं? त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, वजन करायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायची आणि ओल किती उरली ते मांडायचं. हेच काम वर्षानुवर्षं. त्यातून उभी राहिली ती 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धत'. बांध घाला, शेणखत द्या, बियाणं विरळ पेरा, कोळपण्या करून भेगा बुजवत राहा आणि खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा करा.

मी : तीन वर्षांतून एकदा?

आत्या : हो, एकदाच. दरवर्षी नाही. शिफारशीतलं 'खोल' तेवढं गावोगाव पोचलं आणि 'तीन वर्षांतून' गळून पडलं. अवजार हाताशी आलं होतं, हेही एक कारण. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून कुणी घेईना. नंतर मात्र त्याच नांगराने हरळी-कुंद्यासारखं चिवट तण मुळापासून उपटलं आणि लोकांचा विश्वास बसला. मग ट्रॅक्टर आला. पूर्वी बैलांची ताकद किती यावर नांगरटीला आपोआप मर्यादा होती, ती उठली.

मी : पण नांगरल्याने नुकसान नेमकं काय होतं? मोकळी माती दिसायला तर चांगलीच दिसते.

आत्या : चांगली माती म्हणजे नुसती भुसभुशीत पावडर नव्हे. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून रवाळ दाणे बनतात. त्यांना बांधून ठेवतात मुळांचे स्राव, बुरशीचे धागे, गांडुळांची विष्ठा. दाण्यांमधल्या फटींतून हवा आणि पाणी खेळतं. नांगराने ते दाणे फुटतात, आत जपलेला सेंद्रिय कर्ब जिवाणूंच्या तोंडी लागतो आणि वायू होऊन उडून जातो. पहिल्या एक-दोन वर्षांत त्यातून नत्र सुटतं, पीक हिरवंगार दिसतं. तो मातीच्या मुदलातला खर्च असतो. शिवाय फाळ दरवर्षी एकाच खोलीवर घासला की त्याखाली घट्ट थर तयार होतो. वर मोकळं, खाली फरशी. मुळं त्या थराशी येऊन आडवी वळतात.

मी : आपल्या मुरबाडला तर भात. तिथे चिखलणी नको का?

आत्या : आता कामाच्या मुद्द्यावर आलीस. चिखलणी हे मशागतीतलं सगळ्यात टोकाचं काम. तिथे मातीचे दाणे मुद्दाम मोडायचे असतात. आपल्या भाईंदरच्या मिठागरांत तळ तुडवून घट्ट करतात, म्हणजे खाडीचं पाणी जिरत नाही. खाचरातही हेतू तोच, पाणी उभं राहावं. पाणी उभं राहिलं की तण दबतं, रोपं लावायला सोपं जातं. म्हणून कोकणात हे टिकलं, ते काही अडाणीपणाने नाही. पण किंमत भाताच्या नंतर मोजावी लागते. कापणी झाल्यावर ती जमीन विटेसारखी आवळते, भेगाळते, आणि वाल-हरभऱ्याची मुळं आत जाईनात. उभ्या पाण्याखालच्या मातीत हवा नसते, तिथे मिथेन तयार होतो, तो वेगळाच. आणि लावणीच्या आठ-दहा दिवसांत माणसं मिळत नाहीत, हे तर तुझा भाऊच सांगेल.

मी : राब भाजतात तेही याच साखळीतलं ना?

आत्या : हो, आणि त्यावरही मान, जोशी आणि कानिटकरांनी १९१२ मध्ये निबंध लिहिला होता. पालापाचोळा, शेण, टहाळ जाळून त्या जागी रोपं का जोमाने येतात, ते त्यांनी तपासलं. शेतकऱ्याच्या जुन्या चालीची टिंगल न करता प्रयोगशाळेत तिचं कारण शोधायचं, ही त्या पिढीची रीत मला फार आवडते.

मी : मग न नांगरता भात कोण करतं?

आत्या : दादरला गाडी बदलून नेरळला जा. तिथे सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे आहेत. दापोलीला शेतकी शिकले, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातून अन्नतंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन शेती धरली. त्यांनी बसवलेलं तंत्र 'एसआरटी' म्हणून ओळखलं जातं. गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. भात कापल्यावर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा. कुजलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्यांतून पाणी आणि हवा खाली जाते. गांडुळं परततात.

मी : म्हणजे एका शेतकऱ्याने शास्त्रज्ञांना मागे टाकलं म्हणायचं.

आत्या : अशी भांडणं लावू नकोस. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर बघ. शेतकीचे पदवीधर, उसात आणि भातात नांगर सोडला, जमिनीखाली राहिलेली मुळं हेच उत्तम खत असं ठासून मांडलं आणि त्यावर पुस्तकं लिहिली. जे स्वतः बघतात, नोंद ठेवतात, दुसऱ्याला तपासू देतात, ते माझ्या लेखी शास्त्रज्ञच. विद्यापीठाचं काम त्यापुढे सुरू होतं. हेच दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पावसात चालतं का, हे त्यांनी बघायचं.

मी : आणि तण? तूच म्हणालीस, नांगराचं मोठं काम ते.

आत्या : हाच कच्चा दुवा आहे आणि तो लपवू नये. नांगर सोडणारे बहुतेक जण तणनाशकाकडे वळतात, एसआरटीतही ग्लायफोसेट वापरतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्यांच्या गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. माझं म्हणणं असं की फवारणारा माणूस उघड्या हातांनी, तोंडावर फडकं न बांधता फवारतो, तोवर हा प्रश्न मिटलेला नाही. तणनाशकाशिवाय नांगर कसा सोडायचा, यावर आपल्याकडे पुरेसं काम व्हायला हवं. पुढच्या पिढीने हाती घ्यावं असं हे संशोधन आहे.

मी : बाहेरच्या जगाचा अनुभव काय सांगतो?

आत्या : अमेरिकेत १९३० च्या दशकात नांगरलेल्या माळरानांची माती वाऱ्यावर उडाली आणि डोळे उघडले. आपल्या पंजाबातून गेलेल्या रतन लाल यांनी १९७० च्या दशकात नायजेरियात इबादानला जंगल तोडलेल्या उतारांवर प्रयोग केले. नांगरलेल्या तुकड्यातून माती वाहून गेली, काडीकचऱ्याने झाकलेल्या न नांगरलेल्या तुकड्यात ती टिकली. २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पण दुसरी बाजूही ऐक. २०१५ मध्ये ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा न नांगरलेल्या शेतात उत्पन्न सरासरी ५.७ टक्के कमी भरलं. मात्र कोरड्या हवेत, पावसावरच्या शेतीत, काडीकचरा शेतात ठेवून पीक फिरवलं तर ते बरोबरीने किंवा जास्तही आलं. म्हणजे नुसता नांगर सोडून भागत नाही. काडी जाळली आणि नांगर सोडला, तर जमीन दोन्हीकडून मारली जाते.

मी : एवढं सगळं ठरायला किती वर्षं लागतात?

आत्या : डार्विनचं उदाहरण देते. त्याने १८४२ मध्ये शेतात खडूचा चुरा पसरला आणि १८७१ मध्ये तिथे चर खणला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीखाली तो थर सात इंच गेला होता. एका मापासाठी २९ वर्षं! मातीतला कर्ब इतका हळू वाढतो की एका हंगामाच्या आकड्यावर बोलणाऱ्याचं मी ऐकतच नाही. आणि न नांगरलेल्या जमिनीत कर्ब वरच्या थरात साठतो, पण खालच्या थरातही वाढतोच असं नाही. म्हणून खोलवर नमुने घ्यावे लागतात. शिवाय माती किती घट्ट आहे तेही मोजायचं. त्यासाठी ठरावीक मापाचं लोखंडी कडं मातीत ठोकायचं, आतली माती १०५ अंशांवर वाळवायची आणि वजनाला घनफळाने भागायचं. भारी मातीत हा आकडा घनसेंटीमीटरला १.३ ग्रॅमच्या आसपास असला तर ठीक, दीडच्या वर गेला की मुळं अडतात. कंटाळवाणं काम आहे. पण मशागतीचं सगळं शास्त्र असल्या कामावर उभं आहे.

मी : मग दादाला काय सांगू?

आत्या : सगळं शेत एकदम बदलू नको म्हणावं. एक खाचर निवड, पण पाणी तुंबणारं खोलगट नको, निचऱ्याचं घे. त्यात गादीवाफे कर, बाकीच्यात नेहमीसारखी चिखलणी कर. कापणीनंतर दोन्हीकडे कुदळीने हातभर खणून बघ. मुळं सरळ जातात की आडवी वळतात, ढेकळाचे दाणे होतात की पापुद्रे निघतात, ते बघ. दोन्हीकडचं एकेक वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोड. लगेच विरघळून गढूळ झालं तर माती कमजोर, तसंच टिकलं तर बांधणी चांगली. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत दाबून पाणी ओत आणि जिरायला किती वेळ लागतो ते मोज. खर्च, मजुरी, तण, उत्पन्न, सगळं वहीत लिही. तीन हंगाम तरी.

भावाने एक खाचर वेगळं ठेवायचं कबूल केलं आहे आणि वही मी पाठवली आहे. ज्यांची गावाकडे थोडीफार जमीन आहे त्यांनीही यंदा नांगर लावण्यापूर्वी एकदा कुदळीने हातभर खणून पाहावं, एक तुकडा न नांगरता ठेवावा आणि दोन्हीकडचे आकडे लिहून ठेवावेत. आपल्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना ते दाखवावेत. त्यांनाही अशा नोंदी हव्या असतात.