पायथॉनची पहिली वही : दुकानाच्या हिशेबातून संगणकाची भाषा

देवरीच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक कमी असते. अशाच एका दुपारी माझा पुतण्या दुकानातल्या संगणकावर बसून पायथॉन या भाषेत बिलाचा छोटासा प्रोग्रॅम तयार करीत होता. कापड तीन मीटर, दर ८५ रुपये. बिल २५५ व्हावयास हवे होते. पडद्यावर आकडा आला ८५८५८५. मी म्हटले, "बेटा, एवढ्यात तर आपले सगळे दुकान विकत मिळेल." त्याला हसू आले नाही. बराच वेळ पुस्तक चाळून तो म्हणाला, "चाचा, हिशेब चुकलेला नाही. मी त्याला आकडा दिलाच नव्हता, अक्षरे दिली होती."

गोष्ट साधी आहे, पण नवशिका इथेच अडखळतो. कळफलकावरून आपण जे टाइप करतो ते पायथॉन अक्षरे म्हणून घेतो. त्याच्या लेखी ८५ म्हणजे पंच्याऐंशी नव्हे, तर आठ आणि पाच ही दोन चिन्हे शेजारी शेजारी. अक्षरांना तीनने गुणा म्हटले की तो ती तीनदा लिहून देतो. म्हणून आधी 'इंट' हा हुकूम देऊन अक्षरांचा आकडा करून घ्यावा लागतो. अडीच मीटर कापड असेल तर 'इंट' चालत नाही, तिथे 'फ्लोट' लागतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये तीन हा आकडा आधीच लिहिलेला होता, फक्त दर टाइप केला होता. दोन्ही टाइप केले असते तर यंत्राने गुणाकार करण्यास साफ नकार दिला असता. माझ्या मते तो नकार परवडला. चुकीचे बिल गिऱ्हाइकाच्या हाती पडणे परवडत नाही.

पुस्तकात ही बाब एका ओळीत उरकली होती. लिहिणाऱ्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिथे कुणी पडेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. पुतण्याने त्याच संध्याकाळी एका वहीत ही चूक आणि तिची दुरुस्ती मराठीत अर्धे पान लिहून काढली. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी कामापुरती. पुस्तक मला कळले नव्हते, ते अर्धे पान कळले. ज्या तरुणांना संगणकाच्या एखाद्या भाषेविषयी लिहावेसे वाटते, पण "आपण अजून शिकतोच आहोत, आपण काय लिहिणार" म्हणून जे थांबतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ठेच कुठे लागली हे ज्याला आठवते तोच ती जागा दुसऱ्याला दाखवू शकतो. उस्ताद झाल्यावर ते आठवत नाही.

धंद्यातल्या उदाहरणांनी शिकविणे ही काही हलकी रीत नव्हे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात आजच्यासारखी चिन्हे नाहीत, सारे गणित शब्दांत मांडलेले आहे. त्यात व्यापारी देवघेव आहे, जमिनीची मोजणी आहे आणि वारसाहक्काच्या वाटणीची उदाहरणे तर पानेच्या पाने आहेत. आज संगणकाला दिलेल्या पायरीपायरीच्या कृतीला 'अल्गोरिदम' म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. मग आपल्या वहीत थान, पन्हा आणि मीटर आले तर बिघडले कुठे?

आता भाषेचा प्रश्न. 'इफ', 'एल्स', 'प्रिंट' हे पायथॉनचे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. त्यांचे भाषांतर करण्याच्या फंदात पडू नये. समजावणी मात्र मराठीत करावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हीच वाट धरली आहे. त्यांचे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ फुकट मिळतात, आणि अनेक पाठांत पडदा इंग्रजीत असला तरी निवेदन मराठीत ऐकू येते. याशिवाय आणखी एक सोय आहे. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत आपण ठेवलेली नावे देवनागरीत चालतात. दर, मीटर, रक्कम असे सरळ लिहिता येते. टाइप केलेले देवनागरी अंक 'इंट'ला ओळखता येतात, उर्दू अंकही ओळखता येतात. ते कळल्यावर मला मोठी मौज वाटली. फक्त प्रोग्रॅमच्या आत आकडा लिहिताना तो इंग्रजी अंकातच लिहावा लागतो, नाहीतर यंत्र अडून बसते.

वहीतला दुसरा पाठ आम्ही जीएसटीचा केला, आणि खरी मेहनत तिथेच पडली. कापडाच्या थानावर ५ टक्के, तिथे काही अडचण नाही. तयार कपड्यांचे तसे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. त्याआधी ही मर्यादा १००० रुपयांची होती आणि त्यावरचा दर १२ टक्के होता. पुतण्याने लिहिले : किंमत २५०० पेक्षा कमी असेल तर ५ टक्के, नाहीतर १८. मी पाहिले, मला ठीक वाटले. मग बरोबर २५०० ची शेरवानी टाकून पाहिली. यंत्राने कर लावला ४५० रुपये. कायद्याप्रमाणे तो १२५ रुपये होतो. 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' या दोन शब्दांत एका नगामागे ३२५ रुपयांचा फरक! गिऱ्हाइकाकडून ते जादा घेतले असते तर त्याचा जाब आम्हालाच द्यावा लागला असता. 'कमी'च्या चिन्हापुढे बरोबरीचे चिन्ह जोडले की ही चूक दुरुस्त होते.

म्हणून नियम आधी मराठीत एका वाक्यात लिहावा, नंतर तो पायथॉनमध्ये उतरवावा, आणि मग सीमेवरचे तीन आकडे तपासावेत : २४९९, २५०० आणि २५०१. हे तिन्ही निकाल वहीत नोंदवावेत. वाचणाऱ्याला आपला प्रोग्रॅम बरोबर उतरला की नाही हे त्यावरूनच ताडून पाहता येते. मर्यादा २५०० ही सुरुवातीलाच एका नावाखाली लिहून ठेवावी. सरकारने उद्या ती बदलली तर एकाच ठिकाणी आकडा बदलला की झाले.

प्रत्येक पाठाच्या माथ्यावर तारीख आणि भाषेची आवृत्ती लिहिण्यास विसरू नये. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत पाच भागिले दोन म्हटले की उत्तर दोन येई. अर्धा मीटर कापड गायब! तिसऱ्या आवृत्तीत अडीच येते. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली, पण तिच्यावरचे जुने पाठ अजून हातोहात फिरत असतात.

तिसरा पाठ पैशांचा. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३ सांगत नाही. त्यापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी ४ असा आकडा दाखवितो. यंत्र आतून सारे आकडे दोनच अंकांत साठविते, आणि जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा त्याला एक दशांश पुरता लिहिता येत नाही. एका बिलात हे जाणवत नाही, पण ताळेबंद जुळविताना एखादा पैसा इकडे-तिकडे होऊ शकतो. त्यावर 'डेसिमल' नावाची वेगळी सोय आहे, पण ती पुढच्या वहीसाठी ठेवावी. तूर्त दर रुपयांत न ठेवता पैशांत ठेवावा : ८५ रुपये ५० पैसे म्हणजे ८५५०. दशांशचिन्ह छापतानाच घालावे.