कादंबरीमागचा इतिहास कसा शोधावा? : 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'च्या निमित्ताने

आमच्या वाचनवर्गात दर रविवारी सायंकाळी एखादे पुस्तक घेऊन त्यावर चर्चा करण्याचा परिपाठ आहे. मागे एकदा आम्ही इंग्रज लेखक ऑल्डस हक्सले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीचे कथानक मुलांना सांगितले. ऐकून झाल्यावर मागच्या रांगेतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या लेखकाला आपली जात ठाऊक होती का?" त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी पुढे जे वाचन केले, त्यातून कादंबरीची ऐतिहासिक आणि सामाजिक पार्श्वभूमी कशी शोधावी, याचा एक लहानसा पाठच तयार झाला. तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुखी, समतेच्या राज्याचे चित्र माणसाने फार पूर्वीपासून रंगविले आहे. संत रविदासांचे बेगमपुरा हे असेच दुःखमुक्त नगर होय. पाश्चात्त्य साहित्यात अशा कल्पनाराज्याला युटोपिया म्हणतात. याच्या उलट, आजच्या समाजातील एखादा दोष उद्या पूर्णत्वास गेला तर जग कसे होईल, हे दाखविणाऱ्या साहित्याला डिस्टोपिया म्हणतात. म्हणजेच डिस्टोपियाचे कथानक भविष्यातले असले, तरी त्याचा पुरावा लेखकाच्या वर्तमानात असतो. म्हणून अशी कादंबरी इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते.

पहिली पायरी : संहितेतील खुणा

संशोधनाचा आरंभ ग्रंथालयातील संदर्भग्रंथांपासून न करता प्रत्यक्ष पुस्तकापासून करावा. वाचताना नावे, सनावळ्या आणि वारंवार येणारे शब्द वहीत टिपून ठेवावेत.

१९३२ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत माणसे आईच्या पोटी जन्मत नाहीत; लंडनमधील एका केंद्रात ती बाटल्यांत वाढविली जातात. समाजाचे पाच थर आहेत : अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन. या थरांसाठी लेखकाने 'कास्ट' हाच शब्द वापरला आहे. प्रत्येक थराच्या कपड्यांचा रंग ठरलेला आहे. एप्सिलॉन गर्भाला प्राणवायू मुद्दाम कमी दिला जातो, म्हणजे तो खुजा आणि मंद निपजावा. डेल्टा बालकांपुढे पुस्तके आणि फुले ठेवतात. मुले रांगत तिकडे गेली की भोंगा वाजतो, विजेचा धक्का बसतो. पुढे आयुष्यभर ती पुस्तकाला भितात. झोपेत मुलांच्या कानी पाठ घोकविला जातो, की वरच्यांना फार कष्ट आहेत, खालचे मूर्ख आहेत, तेव्हा आपण आहोत तेच बरे.

आता खुणा पाहा. या जगाचा शक १९०८ पासून मोजला जातो. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' मोटार बाजारात आली. पात्रांची नावे बर्नार्ड मार्क्स, लेनिना अशी आहेत. सत्ताधीशाचे आडनाव माँड आहे. १९२६ मध्ये इम्पिरिअल केमिकल इंडस्ट्रीज ही बलाढ्य रसायन कंपनी उभी करणाऱ्या आल्फ्रेड माँड यांची आठवण त्यातून होते. दुःख विसरण्यासाठी लोक जी गोळी घेतात, तिचे नाव सोमा. ते थेट वैदिक सोमरसावरून आले आहे. यांतील प्रत्येक खूण एका दाराची कडी आहे.

दुसरी पायरी : लेखकाचे घर आणि प्रवास

हक्सले यांचा जन्म १८९४ चा. आजोबा टॉमस हेन्री हक्सले हे डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते होते आणि थोरले बंधू ज्युलियन जीवशास्त्रज्ञ होते. गर्भ, वंश, आनुवंशिकता हे या घरातले रोजचे विषय. १९२५-२६ मध्ये हक्सले यांनी भारताचा प्रवास केला. येथून पुढे पूर्वेकडे जात असताना बोटीवरील ग्रंथालयात त्यांना हेन्री फोर्ड यांचे आत्मचरित्र वाचावयास मिळाले आणि नंतर ते अमेरिकेत पोहोचले. १९२६ च्या 'जेस्टिंग पायलेट' या प्रवासवर्णनात हे सारे आले आहे. जातींचा देश आणि यंत्रांचा देश त्यांनी एकाच प्रवासात पाहिला. १९३१ साली त्यांनी माँड यांच्या कंपनीचा बिलिंगहॅम येथील अवाढव्य कारखाना पाहिला आणि त्याच वर्षी ही कादंबरी लिहिली. तेव्हा जग मंदीत बुडाले होते आणि ब्रिटनमध्ये लाखो कामगार बेकार होते. कोणत्याही किमतीला स्थैर्य हवे, ही भाषा तेव्हा विद्वानांच्याही तोंडी होती.

येथे अभ्यासकाने एक पथ्य पाळावे. साम्य म्हणजे उगम नव्हे. हक्सले यांनी भारत पाहिला होता, म्हणजे त्यांची कादंबरी भारतावर आहे, असे म्हणता येणार नाही. माणसांची जन्मजात प्रतवारी प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्येही आहे. मग हक्सले यांच्यापुढचा सर्वांत जवळचा नमुना कोणता होता? ते पाहण्यासाठी त्या काळचे कायदे उघडावे लागतात.

तिसरी पायरी : कायदे आणि निवाडे

१८८३ मध्ये डार्विनचे आप्त फ्रान्सिस गाल्टन यांनी सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. 'चांगल्या' वंशाची वाढ करावी आणि 'वाईट' वंश रोखावा, हा त्याचा दावा. १९०७ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची गरीब तरुणी होती. ती पालक कुटुंबात वाढली, तेथेच तिच्यावर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली आणि तिलाच 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत डांबण्यात आले. तिची आई मंद, ती मंद, म्हणून तिची मुलगीही मंद, असा खटला उभा राहिला. व्हिव्हियन ही ती मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. तिच्याकडे पाहून एका समाजसेविकेने ती काहीशी असामान्य दिसते, असे मत दिले. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. पुढच्या दशकांत त्या देशात ६० हजारांहून अधिक माणसांवर असा प्रसंग आला. १९३३ मध्ये नाझी जर्मनीनेही असाच कायदा केला.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय अभ्यासकाला असावी. निवाड्याच्या अवघ्या सहा आठवडे आधी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्याले होते आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारा एक कायदा महाडला जळत होता आणि त्याच वर्षी दुसऱ्या गोलार्धात विज्ञानाचे नाव घेऊन तसाच न्याय दिला जात होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. स्वतः हक्सले यांनी त्या काळातील काही लेखांत सुप्रजननाला अनुकूल मते मांडली होती. कादंबरी उपरोधाने जे दाखविते, त्याचे आकर्षण लेखकालाही होते. थोर पुस्तकाचा लेखक सर्व बाबतींत आपल्या बाजूचा असतोच, असे नाही. अभ्यासकाने हे झाकून ठेवू नये.

चौथी पायरी : समकालीन उत्तर

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात, जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचे प्रसिद्ध व्याख्यान दिले होते. हक्सले यांच्या कादंबरीची सामग्री जेथे घडत होती, तेथे बाबासाहेब शिकत होते आणि ९ मे १९१६ रोजी तेथेच त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी सुप्रजननाच्या दाव्याचा सरळ समाचार घेतला आहे. जात वंशशुद्धीसाठी असेल, तर रोटीबंदी कशासाठी? सहभोजनाने काही रक्त बिघडत नाही. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धांतही तेथेच आहे. हक्सले यांच्या कारखान्यात नेमके हेच होते : आधी काम ठरते, मग त्या मापाचा माणूस घडविला जातो. आणि खालच्याकडे पाहून समाधान मानण्याचा जो पाठ बीटा मुलांना झोपेत मिळतो, तिलाच बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची युक्ती म्हणून ओळखले होते.

पाचवी पायरी : कोण बोलत नाही?

शेवटी पुस्तकात कोणाचा आवाज नाही, ते पाहावे. या कादंबरीत विचार करणारी, बंड करणारी माणसे अल्फा आहेत किंवा बाहेरून आलेली आहेत. एप्सिलॉन जवळजवळ मुका आहे. एक उद्वाहक चालविणारा एप्सिलॉन तेवढा क्षणभर भेटतो. गच्चीचे दार उघडते, ऊन आत येते, तो आनंदाने हसतो. लगेच हुकूम येतो आणि तो पुन्हा खाली अंधारात जातो. त्याच्या मनात काय आले, हे लेखक सांगत नाही. दलित साहित्याने नेमकी हीच उणीव भरून काढली, असे आम्हांस वाटते. तेथे उद्वाहकातला माणूस स्वतः बोलू लागला.

आता व्हिव्हियनकडे परत येऊ. ती शाळेत गेली. १९३१ च्या एप्रिलमध्ये तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत होते. १९३२ मध्ये, कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, ती आजारपणाने वारली. वय अवघे आठ. न्यायालयाने जिला जन्मतः मंद ठरविले, तिचे खरे उत्तर एका शाळेच्या हजेरी-गुणपत्रकात पडून राहिले होते.

हे वाचताना आम्हांला आमचाच एक शेरा आठवला. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही 'आकलन कमी' असे लिहिले होते. त्याचे आईवडील ऊसतोड कामगार; वर्षातील पाच-सहा महिने मुलगा फडावर. जो मुलगा वर्गात नव्हता, त्याचे आकलन आम्ही कशाने मोजले? तो पुढच्या वर्षी शाळेत आलाच नाही. तो शेरा आजही पुसता येत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही आता असे उत्तर दिले : लेखकाने आपली जात दुरून पाहिली होती, पण जन्मावरून माणसाचे माप काढण्याची वृत्ती त्याच्या स्वतःच्या देशात, स्वतःच्या घराभोवती होती, आणि कादंबरी तिच्यातून आली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, त्या मुलांना पुस्तकाची भीती घालत होते, कारण पुस्तकाचीच त्यांना भीती होती." हे वाक्य आम्ही कोणत्याही संदर्भग्रंथात वाचले नव्हते.