स्टेंटनंतरचा धमनीव्रण : रोपण आणि पुनःसंकोच

अँजिओप्लास्टी झालेला रुग्ण आता तालुक्याच्या गावातील वैद्याकडेही नित्य येऊ लागला आहे. हातात फाइल असते, पिशवीत गोळ्यांची पाकिटे असतात आणि बहुधा पहिला प्रश्न हाच असतो : 'डॉक्टरसाहेब, नळी तर साफ झाली, मग आता या गोळ्या कशाला?' या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे, तर स्टेंट बसविल्यानंतर धमनीच्या आत काय घडते हे आपणास नीट ठाऊक असले पाहिजे.

'नळी साफ झाली' हा समज मुळातच चुकीचा आहे. फुग्याने धमनीतील संचय बाहेर काढला जात नाही. तो दाबाने भित्तीत चेपला जातो, त्याला भेगा पडतात आणि धमनीचा अंतःस्तरही फाटतो. मार्ग मोकळा होतो खरा, परंतु त्याच जागी एक सद्योव्रण निर्माण होतो. पुढील सर्व कथा या व्रणाच्या रोपणाची आहे.

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिक येथे हृदयाच्या धमनीत प्रथम फुगा फुगविला. त्यानंतरच्या वर्षांत असे आढळले की, केवळ फुगा वापरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत धमनी पुन्हा अरुंद होते. त्याची कारणे तीन. ताणलेली भित्ती लवचीकपणामुळे लगेच मागे येते. पुढे बरी होताना ती आक्रसते. आणि व्रणाच्या जागी आतून नवीन ऊतक वाढते. १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये धातूच्या जाळीचा वापर सुरू झाला. जाळीने पहिली दोन कारणे रोखली, तिसरे मात्र उलट वाढविले, कारण धातूची टोचणी कायमची राहिली. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये पुनःसंकोचाचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत राहिले. मधुमेही रुग्ण, बारीक धमनी आणि लांबलचक अवरोध यांत ते अधिक असते.

रोपणाचा क्रम असा. पहिल्या काही तासांत उघड्या पडलेल्या भित्तीवर आणि धातूवर रक्तबिंबिका चिकटतात. नंतरच्या दिवसांत श्वेतपेशी जमून शोथ होतो. काही आठवड्यांत मध्यस्तरातील स्नायुपेशी आत सरकतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या स्वतःभोवती तंतुमय द्रव्य निर्माण करतात. त्यावर शेवटी नवा अंतःस्तर पसरतो. हे आवरण पातळ असेल तर जाळी झाकली जाते व व्रण रुजला असे म्हणता येते. ते जाड झाले की पुनःसंकोच. ही वाढ तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असते.

सुश्रुताचार्यांनी व्रणाच्या साठ उपक्रमांत उत्सन्नमांसासाठी अवसादन सांगितले आहे. औषधलेपित स्टेंटचे तत्त्व आम्हांस याच जातीचे वाटते. ईस्टर बेटावरील मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेले सिरोलिमस जाळीवर लेपून २००२-०३ पासून ते वापरात आले. या द्रव्याने पेशींची वाढ रोखली जाते, म्हणून पुनःसंकोच सामान्यतः १० टक्क्यांच्या खाली आला. परंतु उपमेला चिकित्सा समजू नये. त्याच द्रव्याने अंतःस्तराचे रोपणही मंदावते, धातू अधिक काळ उघडा राहतो आणि त्यावर गुठळी होऊ शकते. २००६ साली या उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवर जगभर मोठी चर्चा झाली. पुढील पिढीचे स्टेंट बारीक तारांचे असून त्यांत हा धोका बराच कमी आहे. नाहीसा मात्र झालेला नाही.

पुनःसंकोच हळूहळू होतो. चालताना छाती पुन्हा भरून येते. गुठळी अकस्मात होते आणि पुष्कळदा प्राण घेते. दोन गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल किंवा त्या वर्गातील दुसरे औषध, या गुठळीसाठी आहेत. स्थिर हृद्रोगात साधारण ६ महिने आणि झटक्यानंतर साधारण १२ महिने त्या एकत्र देतात. रक्तस्रावाचा धोका पाहून मुदत कमीजास्त करणे हे हृद्रोगतज्ज्ञाचे काम आहे, आपले नव्हे. पुढे बहुधा एक गोळी चालूच राहते.

आमचा एक अनुभव येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. औषधलेपित स्टेंट बसून सात आठवडे झालेले एक मधुमेही गृहस्थ अम्लपित्तासाठी आमच्याकडे आले. नाडी, जिव्हा, कोष्ठ सर्व पाहिले, पथ्य सांगितले, औषध दिले. आता आयुर्वेदिक सुरू झाले, तेव्हा इंग्रजी औषध बंद, असे त्यांनी आपल्या मनाने ठरविले. नवव्या दिवशी पहाटे स्टेंटमध्येच गुठळी झाली. ते वाचले, परंतु हृदयाचे बळ कायमचे उणावले. गोळ्या सोडा असे आम्ही म्हटले नव्हते. सोडू नका असेही म्हटले नव्हते. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर 'स्टेंट कधी, गोळ्या कोणत्या' हा रकाना पहिला आहे.

या काळात सिरावेध, जलौकावचारण टाळावे. वमनाचा आग्रह धरू नये. श्रम आहेच, शिवाय गोळीही उलटून पडते. लसणाचे घन किंवा तेलाच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवू शकतात. रोजच्या फोडणीतील लसणाची चिंता नको. गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते असे निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात दिसले आहे, म्हणून फाइल न पाहता गुग्गुळकल्प देऊ नयेत. धमनीप्रतिचय हा शब्द चरकसंहितेत कफज विकारांत आहे, एवढ्यावरून कफघ्न औषध स्टेंट मोकळा ठेवील असे रुग्णास सांगणे हे आमच्या मते धाडस आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनी, अर्धेच पाकीट मागणाऱ्या स्टेंटच्या रुग्णास पुढचे पाकीट कधी नेणार हे विचारावे. क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्रॅझोल आणि अ‍ॅस्पिरिन चालू असताना आयब्युप्रोफेन चिठ्ठीवाचून देऊ नये; दोन्हींनी मूळ गोळीचा गुण कमी होतो.

आणि स्टेंटनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणी 'जिना चढताना छातीत जळजळते' म्हणाला, तर अविपत्तिकर चूर्ण काढण्यापूर्वी त्याला हृद्रोगतज्ज्ञाकडे परत पाठवावे. जळजळ बसल्या जागीही होत असेल, तर त्याच दिवशी पाठवावे.